जुलैच्या पानावरचे ठिपके

एप्रिल संपता संपता अख्खं कॉलेज नवनाथ बोडकेला ‘बिचारा’ म्हणायला लागलं. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, कँटीनवाला म्हणाला, दुसऱ्या विभागांतले प्राध्यापक तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले. ज्याला चार शब्द सुनावायला हवे होते त्याला लोक बोलावून बोलावून चहा पाजत होते, आणि हा पठ्ठ्या मान खाली घालून तो पीत होता. मान खाली घालण्यालाही लोक सज्जनपणा म्हणत. एकदा लाज अगदीच असह्य होऊन तो निम्मा कप तसाच टाकून उठला, तर मागे कुणीतरी म्हणालं, ‘फार लागलंय हो पोराच्या मनाला.’

काय लागलं होतं ते सांगायचं तर आधी काचेबद्दल सांगावं लागेल.

नवनाथ भौतिकशास्त्रात पीएच.डी. करत होता आणि त्याचं काम सौरघटांवर होतं. गच्चीवर बसवतात त्या सोलर पॅनेलमध्ये सिलिकॉन असतं. ते बनवायला मोठाल्या भट्ट्या आणि मोठाले कारखाने लागतात. नवनाथचा पदार्थ वेगळा. त्याचं नाव पेरोव्हस्काइट. सिझियम, शिसं, आयोडीन आणि ब्रोमीन यांचे क्षार द्रवात विरघळवायचे, काचेवर थेंब टाकून ती गरगर फिरवायची, वरून गरम हवेचा झोत मारायचा, की बोटाएवढ्या काचेवर काळाभोर थर चढतो. त्यावर कार्बनची शाई फासली की झाला घट तयार. ऊन पडलं की वीज. अंगावर पडलेल्या उजेडातला शेकडा चौदा भाग तो विजेत बदलायचा. सातपूरच्या एका टर्नरच्या मुलाने कॉलेजच्या गळक्या लॅबमध्ये, उघड्या हवेत बनवलेल्या काचेला चौदा टक्के हा काही वाईट आकडा नव्हता.

वाईट होती ती नाशिकची पावसाळी हवा. या पदार्थात सेंद्रिय असं काहीच नसतं, त्यामुळे तो उष्णतेला दाद देत नाही. ओलावा मात्र त्याला सोसवत नाही. दमट हवा लागली की काळा थर आतल्या आत आपली घडण बदलतो आणि पिवळा पडतो, हळकुंडासारखा. पिवळा पडला की वीज बंद. जगभरचे संशोधक या पिवळेपणाशी झुंजत होते, आणि त्यांच्यात आपलंही नाव लागावं अशी नवनाथची फार इच्छा होती. इच्छेत काही पाप नव्हतं. पाप पुढे आलं.

लॅबची किल्ली पुंजामामांकडे असायची. मामा हरसूलकडचे, पंचावन्नच्या पुढचे, चौदा वर्षं कंत्राटावर परिचर. पंचवटीत एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला गावी जायचे. सकाळी साडेआठला लॅब उघडायची, टेबलं पुसायची, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करायच्या हे त्यांचं काम. खुणांची शिस्त अंजली मॅडमची. मॅडम विभागप्रमुख होत्या आणि नवनाथच्या मार्गदर्शकही. लॅबमध्ये काही बदललं, भरलं, तापवलं, की त्या तारखेवर खूण पडलीच पाहिजे असा त्यांचा दंडक होता. नायट्रोजनचं सिलिंडर बदललं की फुली, शुद्ध पाण्याचा कॅन आणला की रेघ, काही तापवलं की ठिपका. मामा चौदा वर्षं इमानेइतबारे पेन्सिलीने खुणा करत आले होते. संशोधक मंडळी त्या भिंतीकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांच्याकडे संगणक होते.

गेल्या वर्षी जूनच्या मध्यावर नवनाथच्या सहा काचा दोन दिवसांत पिवळ्या पडल्या. पाच महिन्यांची मेहनत होती. तो स्टुलावर बसला, कोपरं टेबलावर टेकली आणि डोकं दोन्ही हातांत धरून तसाच राहिला. मामा फडकं हातात घेऊन बाजूला उभे होते.

“लय नुसकान झालं का, सर?”

“सगळंच गेलं, मामा.” मग नवनाथला त्या साध्या माणसासमोर आपली थोडी हुशारी दाखवावीशी वाटली. “ही बघा गंमत.” त्याने एक पिवळी काच चिमट्याने उचलून तापलेल्या हॉटप्लेटवर ठेवली. दोन मिनिटांत पिवळा रंग कडेकडेने आत सरकत गेला आणि काच पुन्हा काळीभोर झाली.

मामांचे डोळे विस्फारले. “आत्ताच्या आता जित्ती झाली की ही!”

“झाली,” नवनाथ हसला. त्याने एवढंच सांगितलं. असं तापवणं हा इलाज नव्हे, दर वेळी थर आतून थोडा खचतो, आणि छपरावरच्या पॅनेलला रोज सकाळी शेकायला कोण बसणार आहे, हे सांगायला त्याला वेळ नव्हता. परिचराला एवढं कशाला सांगायचं, असं त्याला वाटलं असणार.

चोवीस जूनला त्याने नव्या सहा काचा मांडल्या. या वेळी द्रावणात त्याने आणखी एका धातूचा क्षार चिमूटभर घातला होता, थराची घडण घट्ट धरून ठेवायला. काचा झाकण न लावता खिडकीजवळच्या टेबलावर ठेवल्या. रोज सकाळी नऊला यायचं, काच दिव्याखाली धरायची आणि किती वीज निघते ते वहीत लिहायचं. पहिला दिवस काळा, दुसरा काळा, पाचवा काळा. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता आणि आत काचा काळ्याच होत्या. पंधरा दिवस झाले तेव्हा मॅडम स्वतः बघायला आल्या आणि नवनाथच्या पाठीवर थाप मारून गेल्या. त्या दिवशी त्याला गोदावरीचं गढूळ पाणीसुद्धा सुंदर दिसलं.

मग दहा जुलैला पुंजामामा आठ दिवसांच्या रजेवर गेले. हरसूलकडे जुलैत भाताची आवणी असते. चिखलात उभं राहून रोपं लावायला घरचा एकेक हात लागतो. मामा दर वर्षी जायचे.

अकरा तारखेला सकाळी नवनाथने मामांनी सोपवून गेलेल्या किल्लीने लॅब उघडली. सहाच्या सहा काचा पिवळ्या होत्या.

मनात आलं, कुणीतरी खिडकी उघडी टाकली असेल. मनात आलं, काल पाऊस जास्त होता. खिडकी बंद होती, हे त्याला दिसत होतं. शेवटी त्याने दार लोटून घेतलं, हॉटप्लेट चालू केली आणि सहाही काचा एकेक करून काळ्या केल्या. ‘फक्त आजच्या दिवस,’ तो स्वतःला म्हणाला. मग मोजमाप घेतलं आणि वहीत लिहिलं: अठरावा दिवस, स्थिर. चौदाला पुन्हा तेच, सोळाला पुन्हा, सतराला पुन्हा. ‘फक्त आजच्या दिवस’ असे एकूण चार दिवस झाले.

अठराला मामा परत आले. पायांना चिखलाचे ओरखडे होते, आणि सोबत नवनाथसाठी रानभाजीची जुडी होती. नवनाथ नऊला लॅबमध्ये शिरला. काचा काळ्या. त्याने सहज हॉटप्लेटवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. ती गरम होती.

तेव्हा त्याला सगळं कळलं. पंधरा दिवसांचं कौतुक, पाठीवरची थाप, सगळं कुठून आलं होतं ते कळलं. मामा पाठमोरे उभे राहून टेबल पुसत होते. आता विचारायला हवं होतं. ‘मामा, काचा तुम्ही तापवता का?’ एवढे पाच शब्द. नवनाथने तोंड उघडलं आणि विचारलं, “मामा, चहा झाला का?”

दुसऱ्या दिवसापासून तो नऊऐवजी दहाला यायला लागला. जिन्यावरून वर आलं की लॅबच्या दाराशी क्षणभर थांबायचा आणि खोकायचा. चांगला घसा साफ करून, दोनदा. आत काही चालू असेल तर ते आवरलं जावं, आणि आपल्या डोळ्यांना काही दिसू नये. घसा त्याचा ठणठणीत होता. बावीस ऑगस्टला साठ दिवस पूर्ण झाले तोवर तो रोज खोकत होता.

साठ दिवसांचा आलेख जवळजवळ आडवा निघाला. शोधनिबंध एका परदेशी नियतकालिकाने जानेवारीत छापला. एका दैनिकात फोटो आला. त्याच्या वडिलांनी, धोंडीरामांनी, तो लॅमिनेट करून सातपूरच्या घरात दर्शनी भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘पोरानं पावसाला न भिणारी काच केली’ म्हणून सांगायला लागले. कॉलेजने सत्कार केला. नवनाथने भाषणात मॅडमपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांचे आभार मानले. पुंजामामांचं नाव त्याने घेतलं नाही. ते मागच्या दाराशी उभे राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होते. नवनाथने त्या बाजूला बघितलंच नाही.

मार्चमध्ये बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. फार सभ्य पत्र होतं. तुमच्या कृतीप्रमाणे आम्ही घट केले, आर्द्रता तुमच्याइतकीच ठेवली, पण आमच्याकडे आठव्या-नवव्या दिवशी ते पिवळे पडतात. आमचं काय चुकतं ते कृपया सांगावं. त्यांचं काही चुकत नव्हतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्राचार्यांच्या खोलीत चौकशी झाली. प्राचार्य, अंजली मॅडम आणि नवनाथ, तिघंच. मॅडमनी सरळ विचारलं, “नवनाथ, काचा मधूनमधून कुणी तापवल्या होत्या का? दुसरं काही कारण मला सुचत नाही.”

नवनाथच्या डोळ्यांसमोर लॅमिनेट केलेला फोटो आला, वडील आले, पीएच.डी.ची पाच वर्षं आली. मग तो म्हणाला, “सकाळी लॅब मामा उघडतात, मॅडम. मी दहाला येतो.”

यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणून तर ते बोलणं एवढं नीच होतं.

मामांना बोलावलं. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले. प्राचार्यांनी विचारलं, “काचा तुम्ही तापवत होता?”

“व्हय.”

“नवनाथ सरांनी सांगितलं होतं तसं करायला?”

मामांनी नवनाथकडे बघितलं. नवनाथ फरशीकडे बघत होता. फरशीच्या एका चौकोनाला तडा गेला होता, तो कुठपर्यंत जातो ते तो बघत होता.

“नाय,” मामा म्हणाले. “सरांनी कधीच नाय सांगितलं.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. कंत्राटी माणूस, त्याला काढायला फार कागद लागत नाहीत. शोधनिबंध मागे घेतला गेला, त्याखाली एक ओळ आली: सहायक कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे नोंदी सदोष ठरल्या. नवनाथला सहा महिने मुदतवाढ मिळाली आणि वर सगळ्यांची सहानुभूती. त्याने हात झटकले नव्हते; लोकांनीच त्याचे हात धुऊन पुसून दिले होते.

मे महिन्यात नव्या परिचराला कपाटाच्या खणात एक चष्मा सापडला. एक काडी दोऱ्याने बांधलेली. पुंजामामांचा. “देऊन येतो मी,” नवनाथ म्हणाला आणि त्यावरही कुणीतरी म्हणालं, “बघा, एवढं होऊनही.” त्याला ते ऐकून मोटरसायकल घेऊन पळून जावंसं वाटलं. तसा तो निघालाच.

त्र्यंबकच्या पुढे घाट लागतो. उन्हाने डोंगर करपून गेले होते आणि रस्त्याकडेला बायका पानांच्या द्रोणांत करवंदं विकत होत्या. हरसूलला पोचला तेव्हा बाजार भरलेला होता. मिरच्यांच्या ढिगामागे बसलेल्या एका माणसाला त्याने पुंजामामांचं घर विचारलं.

“कोन पुंजा? त्यो नाशकातून हाकललेला?” माणूस शेजारच्याकडे बघून हसला. “कालिजात चोरी केली त्यो? त्या वडाकडून आत जा, पाड्यावर शेवटचं घर.”

चोरी. नवनाथ गाडीवर बसून राहिला. नाही हो, चोरी नाही, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण मग काय केलं होतं ते सांगावं लागलं असतं. त्याने मान डोलावली आणि गाडीला किक मारली.

घर कुडाचं होतं, शेणाने सारवलेलं. मामा अंगणात बसून दोर वळत होते. नवनाथला बघून ते ताडकन उठले आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला, तो बघून नवनाथला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“अगं, सर आलं! नाशिकचं सर! पाणी आण!”

लंकाबाई बाहेर आल्या. मामांची बायको. पाण्याचा तांब्या ठेवला, थोड्या वेळाने कोरा चहा आणला, पण चेहऱ्यावर हसू नव्हतं. पदर सारखा करून त्या दारातच उभ्या राहिल्या.

“सर, एक इचारू?”

“आगं, गप की,” मामा म्हणाले.

“का गप? ह्यांनी काय चोरलं व्हतं ते तरी सांगा. मला बी सांगत नायत. म्हनं, काच तापवली. काच तापवली म्हनून कुनी काढतं व्हय कामावरून? गावात मला नळावर बाया इचारत्यात. मी काय सांगू?”

नवनाथने बशी खाली ठेवली. “चोरी नाही केली त्यांनी,” तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की लंकाबाईंना ऐकू गेला की नाही कोण जाणे. “काहीच चोरलं नाही.”

“मंग?”

नजर चुकवायला म्हणून त्याने आत बघितलं आणि समोरच्या भिंतीवर त्याचे डोळे खिळले. कुडाच्या फटींतून वारा येऊ नये म्हणून भिंतीवर दिनदर्शिकेची पानं खळीने चिकटवली होती. गेल्या वर्षीची. लॅबमधली. वर्ष संपलं तेव्हा मामांनी ती रद्दीतून घरी आणली असणार. जून, जुलै, ऑगस्ट शेजारी शेजारी. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीच्या खुणा होत्या. फुल्या, रेघा आणि ठिपके.

नवनाथ उठला आणि भिंतीजवळ गेला. चोवीस जून, त्याने बोट ठेवलं. पुढचे चौकोन रिकामे. एक जुलैपर्यंत रिकामे. दोन जुलैला पहिला ठिपका. मग चार, पाच, सात, नऊ.

“मामा,” तो मागे न बघता म्हणाला, “पहिले आठ दिवस ठिपका नाही.”

“नसनारच. त्या आठ दिसांत मी हात बी नाय लावला. आपापल्या काळ्याच व्हत्या की त्या! लय दम काढला त्यांनी ह्या येळी. मंग नवव्या दिशी बघतो तर पिवळ्या. मला तुमचं त्या दिवशीचं डोकं धरून बसनं दिसलं. तुमीच दावलं व्हतं ना, तापवली का जित्ती व्हते? मला वाटलं, ही तिची दवा हाय. तान्ह्या पोराला शेक द्यावा तशी सकाळी देऊन टाकायची. अन् ठिपका मारायचा, मॅडमनी सांगितल्यापरमानं.”

आठ दिवस. नवनाथने पानावर कपाळ टेकलं. चिमूटभर क्षार घातल्याने काच दोन दिवसांऐवजी आठ दिवस टिकली होती. नाशिकच्या भर पावसात, उघड्यावर, चौपट. बंगळुरूच्या लोकांनाही जवळपास तेवढेच मिळाले होते. तो खरा शोध होता. लहानसा, पण खरा, आणि त्याचाच. तो या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेला होता आणि त्याने कधी मान वर करून बघितलं नव्हतं. साठाच्या हव्यासापायी त्याने आपले आठ दिवस स्वतःच्या हाताने मातीत घातले होते.

मग त्याचं बोट पुढे सरकलं. दहा जुलै, अकरा, बारा, तेरा, सतरापर्यंत. चौकोन कोरे. ठिपका नाही, काही नाही. मामा तेव्हा चिखलात उभे राहून भात लावत होते. आणि वहीत त्या तारखांपुढे नवनाथच्या अक्षरात लिहिलं होतं: स्थिर, स्थिर, स्थिर. ज्या पानाने त्याचा शोध खरा ठरत होता, त्याच पानाने तो खोटारडा ठरत होता. अर्धं पान फाडून नेता येण्यासारखं नव्हतं.

तो वळला. मामा दारात उभे होते.

“मामा, मला माहीत होतं,” तो म्हणाला. “तुम्ही तापवता ते. तुमच्या रजेत मी स्वतः तापवल्या. चार वेळा.”

“ठाव हाय मला.”

“ठाऊक आहे?”

“आवं, तुमी खोकायचे ना दाराशी!” मामा हसले. “आधी कवा खोकत नव्हते. मंग रोजचं सुरू झालं. मी म्हटलं, सरांना ठाव हाय, अन् चालतंय. नाय तर मी कशाला केलं असतं एवढं दीस? एकदा मनात आलं व्हतं, इचारावं का. पर तुमी खोकले, म्हंजी झालं.”

नवनाथला वाटत होतं की त्या खोकल्यात आपण लपत होतो. मामांनी ती परवानगी समजली होती. आणि बरोबर समजली होती.

“मग प्राचार्यांसमोर का नाही सांगितलंत?” त्याचा आवाज फुटला. “माझं नाव का नाही घेतलंत?”

मामांचं हसू गेलं होतं. “त्यांनी इचारलं, सरांनी सांगितलं व्हतं का. सांगितलं तर नव्हतंच तुमी. खोकल्याचं काय सांगू?” मग ते म्हणाले, “मला वाटलं तुमी सांगाल. मी भायेर आलो तरी वाट बघितली. जिन्यापर्यंत बघितली. मंग गेलो.”

लंकाबाई एकदा नवऱ्याकडे, एकदा पाहुण्याकडे बघत होत्या. त्यांना आता सगळं कळलं होतं. त्या नवनाथसमोरचा रिकामा कप उचलून आत घेऊन गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“मामा, ही पानं मला हवी आहेत,” तो म्हणाला. “जून आणि जुलै. नेऊ?”

“न्या की. वारं येईल जरा, येऊ द्या.”

आतून लंकाबाई आल्या त्या ओलं फडकं घेऊनच. त्यांनी खळ भिजवली, नखाने कडा सोडवल्या आणि दोन्ही पानं अलगद काढली. जुलैचा एक कोपरा भिंतीलाच राहिला. तिथं तारीख नव्हती. भिंतीच्या उघड्या फटीतून बाहेरचं ऊन आत आलं. पानं घडी करून नवनाथच्या हातात देताना त्या म्हणाल्या, “सर, हे घेऊन कुठं जानार ते मला नाय कळत. पर नळावर बायांना सांगता येईल असं कायतरी करा.”

नवनाथ खाली वाकला आणि दोघांच्या पाया पडला. मामा ‘आरं आरं’ करत मागे सरकले. चष्मा खिशातच राहिला होता. तो द्यायला त्याला अंगणातून परत यावं लागलं.

परतताना तो बाजारात थांबला. मिरच्यांचा तो माणूस पोतं गुंडाळत होता. “पुंजामामांनी चोरी नव्हती केली,” नवनाथ त्याला म्हणाला. “माझी चूक त्यांच्या अंगावर गेली. मी त्या कॉलेजातलाच आहे.” माणूस आ वासून बघत राहिला. आजूबाजूच्या दोघाचौघांनीही ऐकलं. नवनाथचे कान तापून लाल झाले होते, पण तो नाव सांगून, कॉलेज सांगून, मगच निघाला. घाटात त्याला दोनदा गाडी थांबवावी लागली, कारण डोळ्यांतल्या पाण्याने रस्ता दिसेना.

सोमवारी सकाळी साडेआठला तो कॉलेजात पोचला. अंगात धोंडीरामांनी इस्त्री केलेला शर्ट होता. रविवारी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी स्टूल घेऊन भिंतीवरचा फोटो उतरवला होता आणि मग शर्ट इस्त्री करायला घेतला होता. बगलेत नवनाथची वही होती आणि वहीत खळीने कडक झालेली दोन पानं. आठ दिवस खरे आणि आठ दिवस कोरे. पदवी जाईल हे त्याला माहीत होतं. मॅडम यानंतर आपल्याकडे कसं बघतील हेही माहीत होतं, आणि त्या नजरेची त्याला पदवी जाण्यापेक्षा जास्त भीती वाटत होती.

मॅडमचं दार अर्धवट उघडं होतं. आत त्या काहीतरी लिहीत होत्या. दाराशी आला आणि सवयीने त्याच्या घशाशी खोकला आला.

तो त्याने गिळला आणि तसाच आत गेला.

“मॅडम,” तो म्हणाला, “अकरा जुलैला काचा मी तापवल्या होत्या. मामा त्या दिवशी इथे नव्हते.”